वांग्यावरचा उजेड

जून उजाडला, वह्यापुस्तकांना कव्हरं घालून झाली, की महाराष्ट्रातल्या आठवीच्या वर्गांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘एलिमेंटरीला कोण कोण बसणार?’ एलिमेंटरी म्हणजे चित्रकलेची पहिली सरकारी परीक्षा. हात वर होतात ते ज्यांची चित्रं आधीपासूनच ‘छान’ येतात त्यांचे. सातवीत ज्यांचं चित्र मागच्या भिंतीवर लागलं होतं, गणपतीत फळ्यावर मोर काढायला ज्यांना बोलावतात, ती मुलं. बाकीचा वर्ग मान खाली घालून बसतो. घरोघरी हीच वाटणी झालेली असते. ‘धाकट्याच्या हातात कला आहे हो, थोरलीला मात्र साधं घर काढता येत नाही,’ असं आई पाहुण्यांसमोर सहज बोलून जाते आणि थोरली ते ऐकते. ते वाक्य तिला जन्मभर पुरतं. माझ्या ओळखीत डॉक्टर आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसं आहेत; कागद-पेन्सिल समोर आली की ‘आपल्याला नाही बुवा येत’ म्हणून हात मागे घेतात. भाषा, गणित, भूगोल यांच्या बाबतीत अशी शरणागती आपण मुलांकडून ऐकून घेत नाही. शिकवणी लावतो, पुन्हा पुन्हा करून घेतो, प्रसंगी रागावतो. चित्रकलेत मात्र तेराव्या वर्षी निकाल लागतो आणि त्यावर अपील नसतं.

मी चित्रकार नाही. कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पण शाळेत शिकलेल्या विषयांपैकी रोज हाताशी काय येतं असं कोणी विचारलं, तर मी चित्रकलेचं नाव पहिलं घेईन. आणि हे सांगणारी मी आठवीत हात वर न करणाऱ्यांपैकी होते.

आमची शाळा कराडच्या पुढे कृष्णाकाठी. चित्रकलेचे सर कोल्हापूरला एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, करून आलेले. कोल्हापूरच्या चित्रकारांविषयी बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. मुंबईच्या जेजेत, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, शिकून आबालाल रहमान कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ हेच रंगवत राहिले, ही हकिगत ते आपल्याच आळीतल्या माणसाची सांगावी तशी सांगत. हे सर एलिमेंटरीसाठी हात वर करायला सांगतच नसत. हजेरीपट उघडून पहिल्या नंबरापासून सगळ्यांची नावं लिहून घ्यायचे. ‘गणिताच्या परीक्षेला कोण कोण बसणार असं विचारतं का कोणी?’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. ज्यांना फी जमत नसे त्यांची सोय कुठून व्हायची ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात आधीच्या मुलांनी ठेवून गेलेले ब्रश, अर्ध्या उरलेल्या पोस्टर कलरच्या बाटल्या, चिनी मातीच्या पॅलेट. ज्याच्याकडे जे नाही ते त्याने तिथून घ्यायचं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. राज्याचं कला संचालनालय दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षा घेतं : आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. बहुतेक मुलं आठवीत पहिली आणि नववीत दुसरी देतात. दोन दिवस, चार पेपर. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या समूहाचं चित्र, येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. निकाल ए, बी, सी अशा श्रेणींत. परीक्षा सप्टेंबरात असते, म्हणजे पावसाची एखादी सर ठरलेलीच. आमच्या गावाहून मुलं कराडच्या केंद्रावर एसटीने जायची. काखेत ड्रॉइंग बोर्ड, बोर्डाला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, आणि कंडक्टर ‘बोर्ड आडवे धरू नका रे’ म्हणून ओरडतोय. पेपरचा कागद पाव इम्पिरियल, साधारण अकरा इंच बाय पंधरा. वहीच्या पानावर चित्रं काढणाऱ्या मुलांना पहिल्यांदा तो कागद मैदानाएवढा वाटतो.

वस्तुचित्राविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘येत नाही’ हा माझा समज तिथे सुटला.

पहिल्या तासाला सरांनी पेन्सिली बाजूला ठेवायला सांगितल्या. शिपाईमामांकडून पाण्याने भरलेला पितळी तांब्या मागवला आणि तो जमिनीवर ठेवून विचारलं, ‘तोंड कसं दिसतंय?’ सगळे म्हणालो, गोल. मग तो बाकावर ठेवला. ‘आता?’ पुन्हा गोल. मग त्यांनी तांब्या दोन्ही हातांत धरून सावकाश वर उचलायला सुरुवात केली. ‘तोंडाने सांगू नका. बोटाने हवेत काढा.’ साठ पोरं हवेत बोटं फिरवत होती. तांब्या वर जाऊ लागला तसा त्या तोंडाचा आकार चपटा होत गेला, आमची बोटं आडवी पसरू लागली, आणि तांब्याची कड बरोबर डोळ्यांच्या समोर आली तेव्हा माझं बोट डावीकडून उजवीकडे सरळ गेलं. नुसती रेघ. पुढच्या बाकावरच्यांची रेघ आधी झाली, मागे उभ्या असलेल्यांची नंतर. तांब्या एकच, पण प्रत्येकाचं लंबवर्तुळ वेगळं. ‘तांब्याचं तोंड गोल आहे हे तुम्हाला ठाऊक आहे,’ सर म्हणाले, ‘पण परीक्षेत ठाऊक असलेलं काढायचं नाही. दिसतंय ते काढायचं.’

इतकी वर्षं झाली, त्या वाक्याचं वजन मला अजून जाणवतं. मुलाला चित्र ‘येत नाही’ म्हणजे बहुतेक वेळा तो ठाऊक असलेलं काढत असतो. टेबलाला चार पाय असतात म्हणून चारही दाखवतो, बादलीचं तोंड गोल म्हणून गोल काढतो आणि तळ जमिनीवर टेकलेला म्हणून सरळ रेघ मारतो. ती बादली मग पत्र्याची राहत नाही, कागदाला चिकटते. यात हाताचा दोष काहीच नाही. हात सांगितलेलं निमूट करतोय. सांगणाऱ्याने वस्तूकडे बघितलेलं नाही. आणि बघणं शिकवता येतं. त्याच्या युक्त्या आहेत, क्रम आहे, सराव आहे. हात कोपरात न वाकवता ताठ धरायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीचं टोक वस्तूच्या वरच्या कडेला लावून खालच्या कडेशी अंगठा ठेवायचा आणि ते माप आडवं करून रुंदीवर बसवायचं. तांब्याची उंची रुंदीच्या सव्वापट की दीडपट? अंदाज सांगायचा नाही, मोजायचं. दोन वस्तूंच्या मधे उरलेली रिकामी जागाही एक आकार आहे, तिचंही चित्र काढायचं. ती जागा बरोबर आली की वस्तू आपोआप जागेवर बसतात. हे सगळं कोणत्याही मुलाला सांगता येतं आणि कोणतंही मूल ते करू शकतं. पाढे पाठ होतात त्यापेक्षा कमी दिवसांत लंबवर्तुळ हातात बसतं.

मग वांगं आलं. वस्तुचित्रात माणसाने घडवलेल्या वस्तूच्या जोडीला एखादी भाजी, फळ ठेवतात. सरांनी तांब्याच्या बाजूला एक वांगं ठेवलं, भरताचं, चांगलं टपोरं. आम्ही जांभळा रंग कालवून वांगं भरायला घेतलं. सरांनी हात धरून थांबवलं. खिडकीचा उजेड वांग्यावर पडला होता आणि त्याच्या पोटावर एक पांढरा, जरासा निळसर ठिपका चमकत होता. नीट बघितलं तर तो ठिपकाही नव्हता; खिडकीच होती, गजांसकट, वाकून बारीक झालेली. ती जागा कोरी सोडायची, कागदाचा पांढरा तसाच ठेवायचा. त्याच्या भोवती फिका जांभळा, मग गडद, आणि अगदी कडेला पुन्हा किंचित उजळ, कारण पितळी तांब्याचा पिवळा उजेड वांग्याच्या सावलीतल्या बाजूवर परत पडत होता. त्या जागी जांभळ्यात थोडा तांबूस मिसळावा लागला. सावलीत काळा रंग घालायचा नाही, हा नियम सरांनी घालून दिला होता, पण नियमापेक्षा ते वांगं मोठं होतं. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी वांगी व्हायची. त्यांच्या अंगावर आख्खी खिडकी असते हे मी त्या दिवशी पाहिलं.

माझं ते चित्र भिंतीवर लागावं असं नव्हतं. पण ते वांगं गोल होतं आणि टेबलावर टेकलेलं होतं. एलिमेंटरीला मला बी मिळाली आणि इंटरमिजिएटलाही बीच. मला त्या बीचा अभिमान आहे, कारण तिच्यात उपजत असं काही नव्हतं. ती सगळी शिकलेली होती.

संकल्पचित्र मला फारसं भावलं नाही. चौकोनात पानंफुलं आणि भौमितिक आकार बसवायचे, रंगसंगती उष्ण की शीत ते ठरवायचं आणि पोस्टर कलर सपाट भरायचा. रंग साईच्या दह्याइतका दाट हवा. पातळ झाला की पॅच पडतात, घट्ट झाला की वाळल्यावर तडकतो. हे कसब आहे आणि ते शिकण्यासारखं आहे, पण आमच्या वेळी त्यात पाठ केलेली नक्षीच जास्त असे.

कर्तव्य भूमितीची मात्र बाजू घ्यायला हवी. चित्रकलेच्या पेपरात टी-स्क्वेअर आणि कंपास कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. कलावंत मंडळी तर जास्तच. दिलेल्या बाजूवर पंचकोन काढा, दोन वर्तुळांना सामाईक स्पर्शिका काढा, असल्या प्रश्नांत कला कुठे आहे? मला वाटतं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एक रेघ केसाएवढी बारीक आणि दुसरी जाड का असावी हे हातानेच कळतं. रचनेच्या रेघा फिक्या, उत्तराची रेघ ठळक. पुसायचं काहीच नाही, विचार कसा झाला ते कागदावर दिसलं पाहिजे. इतका प्रामाणिक पेपर दुसऱ्या कोणत्या विषयाचा असतो? आणि घनभूमितीत शंकू नाहीतर लोलक टेबलावर आडवा ठेवून त्याचा प्लॅन आणि एलिव्हेशन, म्हणजे वरून आणि समोरून दिसणारं रूप, काढायचं, म्हणजे न फिरता वस्तूच्या भोवती फिरून यायचं. माझ्या वर्गातला एक जण दहावीनंतर सेंट्रिंगच्या कामाला लागला. आज स्वतः कामं घेतो. इंजिनियरचा नकाशा तो माझ्यापेक्षा लवकर वाचतो. तो म्हणतो, ‘आयटीआयला गेलो तेव्हा पहिला महिना मला सुट्टीच होती. ते सगळं नववीत झालेलं.’ त्याचं चित्र कधी भिंतीवर लागलं नव्हतं.

अक्षरलेखनही असंच बाजूला टाकलं जातं. शिरोरेघेची जाडी, दांड्याची जाडी, दोन अक्षरांमधली मोकळी जागा, हे चौकटी आखून शिकायचं. ‘क’चं पोट किती फुगवायचं यावर आमच्या वर्गात वाद झालेले आहेत. या वाटेने माणूस कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे र. कृ. जोशी. अक्षराचा आयुष्यभर अभ्यास केलेला हा माणूस. विंडोजच्या संगणकांवर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’मध्ये मराठी वाचत आलो तो फॉन्ट त्यांनी घडवला. दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटर आमच्या लहानपणी गावोगाव होते आणि त्यांतले कितीतरी जण शाळेच्या याच पेपरातून गेलेले होते. फ्लेक्स आल्यावर तो धंदा बसला. पण लग्नपत्रिका, बिलबुक, बचतगटाचं पापडाचं पाकीट, यांवरची अक्षरं अजून कोणीतरी जुळवतंच, आणि त्याला दोन अक्षरांमधली जागा दिसते की नाही हे पाकिटावर लगेच कळतं.

स्मरणचित्राच्या पेपरात काय बिघडलंय तेही सांगते. विषय दिलेला असतो : आठवडी बाजार, एसटी स्टँड, दहीहंडी, पाणवठा. चित्रात निदान तीन माणसं तरी हवीत असं आम्हाला शिकवलेलं. मुलं काय करतात? डोक्यावर पाटी घेतलेली पाठमोरी बाई, सायकल धरून उभा असलेला माणूस, फुगा घेतलेलं मूल, अशा पाच-सहा आकृत्या पाठ करतात आणि विषय कोणताही येवो, त्याच पेरतात. बाजारात तीच बाई, स्टँडवर तीच बाई, दहीहंडीलाही तीच बाई. विकत मिळणाऱ्या मार्गदर्शिकांत या आकृत्या तयार असतात. नाव स्मरणचित्र, आणि त्यात स्मरण मार्गदर्शिकेचं. आमचे सर यावर एक उपाय करायचे. बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत बाजारात न्यायचे आणि कागद-पेन्सिल नेऊ द्यायचे नाहीत. प्रत्येकाने एकाच माणसाकडे बघायचं. मला मिरच्या विकणारी एक आजी मिळाली होती. एक गुडघा वर, त्यावर कोपर, तागडी उजव्या हातात धरलेली, आणि तागडी उचलली की तिचा डावा खांदा खाली जायचा. पदर दातांत धरलेला, कारण दोन्ही हात गुंतलेले. परत वर्गात येऊन ते काढायचं. माझ्या आजीचे हात वेडेवाकडे आले, पण खांदा खाली गेला होता आणि सरांनी तेवढ्यावर बोट ठेवून मान हलवली. परीक्षकाला अशी आजी ओळखू येते की नाही, मला माहीत नाही, यायला हवी.

नक्कल वाईट, असं मात्र माझं म्हणणं नाही. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं, तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे कितीतरी हंगाम विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतली भित्तिचित्रं हुबेहूब उतरवून घेत. त्या प्रतींपैकी बऱ्याच लंडनमधल्या आगीत गेल्या, हे वाचलं की अजून हळहळ वाटते. पण ती नक्कल भिंतीसमोर उभं राहून, अंधारात दिवे लावून, पोपडा कुठे उडालाय तेही बघून केलेली होती. तिथे डोळा जागा होता. कोल्हापूरहून १८९० साली याच जेजेत दाखल झालेले म. वि. धुरंधर पुढे मोठे चित्रकार झाले आणि शाळाशाळांतल्या चित्रकलेची तपासणी करणारे मुंबई इलाख्याचे इन्स्पेक्टरही झाले. एवढा मोठा चित्रकार गावच्या शाळेत जाऊन पोरांच्या वह्या बघतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. हा विषय तेव्हा राज्यकर्त्यांना कारागीर हवे होते म्हणून आला असेल. आपल्या मुलांना तो मिळाला हे खरं.

आता माझ्या प्रयोगशाळेत या.

अकरावीच्या मुलांना खोडाचा आडवा छेद दाखवतो, सूर्यफुलाच्या. पातळ काप घ्यायचा, सॅफ्रॅनिन या लाल रंगाने रंगवायचा, काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकात बघायचा. जलवाहिन्या लाल होऊन उठून दिसतात, संवहनी पूल, म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे, गोलात मांडलेले असतात. मग जर्नलमध्ये आकृती काढायची. मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात, ‘दिसलं मॅडम’ म्हणतात आणि पुस्तक उघडून त्यातली आकृती उतरवतात. पुस्तकातला छेद गुळगुळीत, पूल मोजके आणि सारखे, रेषा कंपासने मारल्यासारख्या. काचपट्टीवरचा छेद एका बाजूला फाटलेला, पूल लहानमोठे, एका ठिकाणी दोन जवळजवळ चिकटलेले. मी विचारते, ‘हे दोन चिकटलेले कुठे आहेत तुझ्या आकृतीत?’ ‘पुस्तकात नाहीत, मॅडम.’ पूल गोलात असतात हे त्याला ठाऊक आहे. त्याने ठाऊक असलेलं काढलं. तांब्याचं तोंड गोल काढणारी आठवीची मुलं आणि ही अकरावीची मुलं यांच्यात मला काडीचाही फरक दिसत नाही. आणि यातली काही पुढे डॉक्टर होणार आहेत, रोग्याच्या अंगावरचं पुरळ बघणार आहेत. काही शेतात उभी राहून करपा आहे की खताची कमतरता हे पानावरून सांगणार आहेत. त्यांना ठाऊक असलेलं आणि समोर दिसणारं यांतला फरक कळायलाच हवा.

वनस्पतिशास्त्रात चित्राशिवाय पान हलत नाही, हे बाहेर फारसं माहीत नसतं. फोटो असतानाही नवीन वनस्पतीच्या वर्णनासोबत रेखाटन देतात, कारण फोटो सगळंच दाखवतो आणि रेखाटणारा नेमकं काय बघायचं ते दाखवतो. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती बाग होती. तिथले प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची चित्रं एका इथल्याच चित्रकाराकडून काढून घेतली. दीडशेहून अधिक चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव कोणी नोंदवून ठेवलं नाही. मी छापलेल्या प्रतींत ती पाहिली आहेत. पानाची शीर कुठे फुटते, देठ फांदीला कसा धरतो, सगळं इतकं नेमकं की वाचता यावं. त्या माणसाला ते कोणी शिकवलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. उपजत आलं असेल असं म्हणून मला पुढे जाववत नाही.

आजच्या शाळांकडे बघितलं की दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. परीक्षेला बसणारी मुलं वाढली आहेत, कारण इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात : ए श्रेणीला ७, बी ला ५, सी ला ३. या गुणांवर नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. मुलाने रविवारी चित्र काढत बसावं हे ज्या घरात परवडत नाही, त्या घरात सात गुण हे सांगण्यासारखं कारण आहे. मुलींना तर या कारणावर कराडला जाऊन दोन दिवस पेपर द्यायची परवानगी मिळते. पण गुणांसाठी आलेली मुलं शिकवायला शाळेत माणूस नसेल तर ती कुठे जाणार? ती सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या क्लासला जातात आणि तिथे तीच पाठमोरी बाई पाठ करतात.

माणूस नसतो, हीच मुख्य तक्रार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा अर्धवेळ निदेशक सांगितलेला आहे, तोही पटसंख्या शंभरच्या वर असेल तर. गावोगावच्या किती शाळांत या तीन वर्गांचा पट शंभरावर जातो? २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षण दहावीपर्यंत असावं असं लिहिलं आहे आणि ते वाचून बरं वाटतं. पण कागदावर विषय आणि वर्गात शिक्षक नाही, ही जोडी आपल्या ओळखीची आहे. चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले की जागा भरली जात नाही. तास मराठीच्या किंवा पीटीच्या शिक्षकांना वाटून दिला जातो. ज्या शाळेत ते आहेत तिथे त्यांच्याकडून स्नेहसंमेलनाचा पडदा, पंधरा ऑगस्टची रांगोळी आणि पाहुण्यांच्या नावाचा फळा करून घेतात. आणि जानेवारी उजाडला की नववी-दहावीचा चित्रकलेचा तास गणिताच्या सरांना दिला जातो. मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. कोणता विषय खरा आणि कोणता नुसता वेळापत्रकात, हे त्यांना बरोबर कळतं.

माझी भाची या वर्षी आठवीत आहे. तिच्या शाळेत हा तास दोन वर्षांपासून ‘ऑफ’ असतो; मुलं त्यात गृहपाठ उरकतात. तिने एलिमेंटरीचा फॉर्म भरलाय, पण सप्टेंबर तोंडावर आलाय आणि लंबवर्तुळ तिला कोणी शिकवलेलं नाही. रविवारी ती माझ्याकडे येते, सोबत तिच्या वर्गातल्या आणखी काही मुली असतात. मी शिकवते ते आमच्या सरांचंच, त्याच क्रमाने. पण मी कलाशिक्षक नाही. रंगांचं मला जेवढं येतं तेवढं मी सांगते, आणि पुढचं विचारलं की अडते. एटीडी झालेल्या माणसाला रंग कसा कालवायचा एवढंच येत नसतं. तेराव्या वर्षीच्या मुलाचा हात कुठे अडतो, त्याच्याकडून आधी काय करून घ्यायचं, कोणाला मोकळं सोडायचं आणि कोणाला मोजायला लावायचं, हे त्याला शिकवलेलं असतं. ती जागा घरच्या मावशीने किंवा यूट्यूबच्या व्हिडिओने भरून निघत नाही.

म्हणून या वर्षी आम्ही काही पालकांनी मिळून शाळेकडे अर्ज दिला. मागणं मोठं नाही. पाचवी ते दहावी आठवड्याला चित्रकलेचे दोन तास सलग, कारण पस्तीस मिनिटांत रंगाचं पाणी भरून होईपर्यंत घंटा होते. तास घ्यायला चित्रकलेचं शिक्षण घेतलेला माणूस, पूर्णवेळ जमत नसेल तर आसपासच्या दोन-तीन शाळांत मिळून एक. आणि परीक्षेची नोंदणी सगळ्या वर्गाची. पालकसभेत एका गृहस्थांनी विचारलं, ‘सगळ्यांना चित्रकार करायचंय का?’ मी म्हटलं, सगळ्यांना गणितज्ञ करायचं म्हणून गणित शिकवतो का आपण? सभेत थोडी कुजबुज झाली, मग आणखी काही जणांनी अर्जावर सह्या केल्या. त्यांत ते गृहस्थही होते. संस्थेने ‘विचार करू’ असं कळवलंय. पुढची सभा दिवाळीनंतर आहे. तेव्हा वेळापत्रकाची प्रत बरोबर नेणार आहोत, आणि त्यातला ‘ऑफ’ लिहिलेला प्रत्येक तास कोणाचा होता ते विचारणार आहोत.